‘अर्धोक्ते’: संस्कृत नाटकातलं बोलणं पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

‘अभिज्ञानशाकुन्तला’चा पाचवा अंक. हस्तिनापूरचा दरबार भरलाय. गौतमीने शकुंतलेचा पदर बाजूला केलाय, तरी दुष्यंत म्हणतोय की हिच्याशी लग्न केल्याचं मला आठवत नाही. आता शकुंतलेला स्वतःलाच बोलायचं आहे. ती तोंड उघडते आणि सवयीने शब्द येतो, ‘अज्जउत्त’. आर्यपुत्र. पुढे कंसात कालिदास लिहितो, ‘इत्यर्धोक्ते’, म्हणजे अर्धंच बोलून थांबते. मग ती म्हणते, ‘संसइदे दाणिं परिणए ण एसो समुदाआरो’. लग्नाबद्दलच शंका आहे, तेव्हा ही हाक आता रीतीला धरून नाही. आणि ती दुसरी हाक मारते, ‘पोरव’. पौरवा, पुरूच्या वंशजा.

बायको नवऱ्याला जी हाक मारते ती तिने भर दरबारात, सगळ्यांच्या देखत परत घेतली. मराठी भाषांतरात इथे बहुतेक वेळा ‘नाथ’ आणि ‘राजा’ असे दोन शब्द येतात आणि आपण पुढे सरकतो. मूळ पानावर मात्र या दोन शब्दांच्या मध्ये एक लग्न मोडलेलं असतं.

हे ऐकू यावं म्हणून हा लेख. संस्कृत थोडंफार कळतं, शाळेत शंभर गुणांचं घेतलं होतं, किंवा नाटकाची ओढ आहे म्हणून मूळ नाटक हातात घेतलंय, अशा वाचकासाठी तो लिहिला आहे. व्याकरण इथे शिकवलेलं नाही. कोण कोणत्या भाषेत बोलतं, कोणाला ऐकू जातं आणि कोण कोणाला काय म्हणतं, एवढंच पाहायचं आहे.

पहिली पायरी: पान ओळखा

छापील प्रतीत एका पानावर साधारण चार थर असतात. डावीकडे पात्राचं नाव. मग कंसात रंगसूचना, ती नेहमी संस्कृतात. मग बोलणं. आणि बोलणं प्राकृतात असेल तर त्याच्या खाली किंवा कंसात त्याचं संस्कृत रूपांतर, त्याला ‘छाया’ म्हणतात.

छायेबद्दल आधीच सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. छाया हे पात्राचं बोलणं नाही. ती वाचकाच्या सोयीसाठी दिलेली असते. मी शिकत होतो तेव्हा वर्गात प्राकृत ओळी सरळ ओलांडल्या जात, परीक्षेलाही छायाच लिहायची. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या डोक्यातली शकुंतला संस्कृतात बोलत होती. नाटकभर ती प्राकृत बोलते, हे ‘माहीत’ होतं, पण ऐकलेलं नव्हतं. छायेवर आडवी पट्टी ठेवा, आधी प्राकृत ओळ मोठ्याने वाचा, अडलात तरच पट्टी उचला. पहिल्या दहा पानांना त्रास होतो, नंतर नाही.

आणखी एक. संस्कृत नाटकाला अंक असतात. आपण मराठीत ज्याला ‘प्रवेश’ म्हणतो तशी विभागणी त्यात नसते. दोन अंकांच्या मध्ये किंवा अंकाच्या सुरुवातीला छोटा जोडतुकडा येतो. तो ‘प्रवेशक’ असेल तर त्यात खालच्या दर्जाची पात्रं असतात आणि सगळं बोलणं प्राकृतात चालतं. ‘विष्कम्भक’ असेल तर मध्यम पात्रं. सगळे संस्कृत बोलणारे असले तर शुद्ध, संस्कृत-प्राकृत मिसळ असली तर मिश्र. म्हणजे पानाच्या माथ्यावरचा एक शब्द वाचला की पुढची दोन पानं कोणत्या भाषेत जाणार हे कळतं.

दुसरी पायरी: कोण कोणत्या भाषेत बोलतं

ढोबळ नियम असा. राजा, मंत्री, ऋषी, ब्राह्मण, सारथी, कंचुकी (अंतःपुराचा म्हातारा कारभारी) हे संस्कृतात. राणी, नायिका, सख्या, दासी, मुलं, नोकरचाकर, शिपाई हे प्राकृतात. विदूषक जातीने ब्राह्मण, तरी त्याची भाषा प्राकृत. गंमत म्हणजे सगळ्यांना सगळं समजतं. दुष्यंत संस्कृतात विचारतो, प्रियंवदा प्राकृतात उत्तर देते, कोणी कोणाला ‘पुन्हा सांग’ म्हणत नाही. आपल्याकडे मालवणीत बोलणारी आजी आणि प्रमाण मराठीत उत्तर देणारी नात जशा एकाच ओसरीवर बसतात, तसंच हे.

नियम पाठ करून फार उपयोग नाही. तो जिथे मोडतो तिथे नाटककाराला काहीतरी सांगायचं असतं, तिथे खूण करा.

‘मालविकाग्निमित्रा’तली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, कौशिकी स्त्री असून संस्कृत बोलते. ‘उत्तररामचरिता’त वेदान्त शिकायला वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यात आलेली आत्रेयी संस्कृत बोलते. वनदेवता वासंती आणि तमसा नदी याही संस्कृत बोलतात. त्याच नाटकात सीता मात्र प्राकृत बोलते. तिसऱ्या अंकात सीता तमसेशिवाय कोणाला दिसत नाही आणि तमसा तिच्या शेजारी उभी आहे. रामाचा आक्रोश ऐकून सीता प्राकृतात कळवळते, तमसा संस्कृतात तिला सावरते. दोघींची भाषा वेगळी ठेवल्यामुळे सीतेचा आवाज त्या सगळ्या गर्दीत वेगळा, घरातला राहतो. लव-कुश लहान असून संस्कृत बोलतात, कारण ते वाल्मीकींच्या हाताखाली शिकलेत. ‘शाकुन्तला’त सिंहाच्या छाव्याचे दात मोजायला निघालेला शकुंतलेचा मुलगा सर्वदमन मात्र प्राकृत बोलतो.

काही पात्रं भाषा बदलतात. ‘संस्कृतमाश्रित्य’ अशी सूचना दिसली की प्राकृत बोलणारं पात्र आता संस्कृतात शिरलं. ‘मृच्छकटिका’त वसंतसेना, जी गणिका आहे, चौथ्या अंकात आपल्या प्रियकराची, चारुदत्ताची, खुशाली त्याचा मित्र विदूषक मैत्रेय याच्याकडे विचारताना संस्कृत श्लोक म्हणते. त्याच नाटकात तिसऱ्या अंकात हाच मैत्रेय म्हणून गेलाय की संस्कृत म्हणणारी बाई ऐकली की मला हसू येतं, वेसण घातलेल्या तरण्या गाईसारखी ती सू-सू करते. दोन्ही जागा एकत्र ठेवून वाचा. शूद्रकाने बाईच्या तोंडच्या संस्कृताची टिंगल ज्याच्या तोंडी घातली, त्याच्याच समोर वसंतसेनेला उत्तम संस्कृत श्लोक दिला. योगायोग असेल असं मला वाटत नाही.

उलटा बदलही आहे आणि तो तर नाटकाच्या दारातच. ‘मृच्छकटिका’चा सूत्रधार संस्कृतात सुरुवात करतो आणि मग सांगतो, ‘एषोऽस्मि भोः कार्यवशात् प्रयोगवशाच्च प्राकृतभाषी संवृत्तः’. कामाच्या आणि प्रयोगाच्या गरजेने मी आता प्राकृत बोलणारा झालो. आणि तो नटीशी घरच्या जेवणाबद्दल बोलू लागतो. ‘मुद्राराक्षसा’च्या दुसऱ्या अंकात नंदांचा अमात्य राक्षस याचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषात येतो. लोकांशी बोलताना प्राकृत, स्वतःशी बोलताना संस्कृत. वेष तोच, पण आत कोण आहे ते भाषेने कळतं.

तिसरी पायरी: प्राकृत ऐकायला मराठी कान वापरा

इथे मराठी माणसाला आयती मदत आहे.

नाटकातली प्राकृतं मुख्य तीन धरा. बायकांचं आणि विदूषकाचं गद्य शौरसेनीत. गाणी आणि गाथा महाराष्ट्रीत. आणि हलक्या समजल्या गेलेल्या पात्रांची मागधी. तीच स्त्री बोलते शौरसेनी आणि गाते महाराष्ट्री. दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटलंय, ‘महाराष्ट्राश्रयां भाषां प्रकृष्टं प्राकृतं विदुः’. महाराष्ट्रातली भाषा हे सगळ्यात उत्तम प्राकृत मानतात. आपली मराठी याच बाजूने उतरलेली आहे, त्यामुळे नटीने ‘ईसीसिचुम्बिआइं भमरेहिं’ म्हणून शिरीषाच्या फुलांचं गाणं सुरू केलं की ते परकं वाटू नये.

शब्द ओळखायची युक्ती सोपी. संस्कृत जोडाक्षर प्राकृतात एकाच वर्णाचं द्वित्त होतं, मराठीत ते सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. म्हणजे प्राकृतात ‘हत्थ’ भेटला तर संस्कृताकडे चढण्याआधी मराठीकडे उतरून पाहा, अर्थ तिथेच उभा असतो. दोन स्वरांमधली व्यंजनं गळून पडतात किंवा झिजून नुसता ‘ह’ उरतो हे दुसरं: हृदय झालं हिअअ, सखी झाली सही. शौरसेनी ‘त’चा ‘द’ करून तो जपते, महाराष्ट्री टाकून देते. ‘गत’ शौरसेनीत ‘गद’, महाराष्ट्रीत ‘गअ’. म्हणूनच गद्यात शकुंतलेच्या सख्या तिला ‘सउन्दले’ म्हणतात.

एक ओळ जवळून पाहा. पहिल्या अंकात राजाचं आणि शकुंतलेचं मन ओळखून सख्या तिच्या कानाशी म्हणतात, ‘हला सउन्दले, जइ एत्थ अज्ज तादो संणिहिदो भवे’. ‘एत्थ’ म्हणजे इथे, ज्ञानेश्वरीतल्या ‘एथ’ला हात लावून येणारा शब्द. ‘अज्ज’ म्हणजे आज. ‘तादो’ म्हणजे तात. आज इथे बाबा असते तर! हे वाक्य कळायला छाया कशाला हवी?

सापळाही याच ओळीत आहे. प्राकृतात ‘अज्ज’ म्हणजे ‘अद्य’ आणि ‘अज्ज’ म्हणजे ‘आर्य’सुद्धा. वाक्याच्या सुरुवातीला हाकेसारखा आला तर बहुधा आर्य, आत कुठे आला तर बहुधा आज. संदर्भ पाहूनच ठरवा.

मागधी ओळखायला तीन खुणा: र चा ल, स चा श, आणि शब्दाच्या शेवटी ओ ऐवजी ए. ‘शाकुन्तला’च्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीला राजाच्या अंगठीसह पकडलेला कोळी आणि त्याला बडवणारे शिपाई असं बोलतात. ‘एसो’ तिथे ‘एशे’ होतो, ‘मी’साठी ‘हगे’ येतं, ‘राज’चा ‘लाअ’ होतो. पाचव्या अंकात सगळ्या दरबाराला संस्कृतात जे पटलं नाही, त्याचा पुरावा हा कोळी आपल्या मागधीत घेऊन येतो. माझ्या मते नाटकाचा सगळा डोलारा या एका पात्राच्या जिभेवर उभा आहे आणि वाचक नेमका हा भाग घाईने उलटतात.

‘मृच्छकटिक’ हे तर बोलींचं मोठं घर. पृथ्वीधर या टीकाकाराने त्यात सात बोली मोजल्या: शौरसेनी, अवन्तिका, प्राच्या, मागधी, आणि शकारी, चाण्डाली, ढक्की. राजाचा मेहुणा शकार, त्याचं नावच त्याच्या ‘श’वरून पडलंय. वसंतसेनेमागे धावताना तो म्हणतो, ‘किं दोवदी विअ पलाअशि लामभीदा’, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी का पळतेस? र चा ल, स चा श आणि महाभारताचं रामायण, सगळं एका दमात. प्रेक्षक हसतो, पण हा माणूस पुढे वसंतसेनेचा गळा दाबणार आहे. नुसता विनोदी म्हणून त्याला वाचू नका.

याच नाटकात बोलीने एक जीव वाचतो. सहाव्या अंकात राजाच्या तुरुंगातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपलाय. पहाऱ्यावरचा चंदनक गाडीत डोकावतो, आर्यकाला ओळखतो, त्याला वाचवायचं ठरवतो, आणि बाहेर येऊन त्याच्या तोंडून ‘अज्जो’ निघून जातं, पुल्लिंगी! लगेच तो ‘अज्जआ’ म्हणून सावरतो, वसंतसेना आहे आत. दुसरा पहारेकरी वीरक संशयाने पाहतो. तेव्हा चंदनक म्हणतो, आम्ही दाक्षिणात्य, आमचं बोलणं अस्पष्ट, पाहिला काय, पाहिली काय, आर्य काय, आर्या काय, येईल तसं बोलतो. दक्षिणेकडच्या माणसाला लिंगाचं भान नाही हा समज तेव्हाही होता आणि चंदनकाने तो ढाल म्हणून वापरला. छायेत हे सगळं एकसारखं संस्कृत होऊन बसतं.

चौथी पायरी: कोणाला ऐकू जातंय ते पाहा

दहाव्या शतकात मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त बोलण्याचे तीन प्रकार केले. सगळ्यांना ऐकू जाणारं, ठरावीक माणसांना ऐकू जाणारं, आणि कोणालाच ऐकू न जाणारं. कंसातले शब्द या तिन्हींत बसवा म्हणजे गोंधळ होत नाही.

‘स्वगतम्’ किंवा ‘आत्मगतम्’ म्हणजे मनातलं, हे फक्त प्रेक्षकांना कळतं. मराठी रंगभूमीवर शब्द तोच राहिला. ‘प्रकाशम्’ आलं की पात्र पुन्हा उघड बोलायला लागलं. नवखे वाचक ‘प्रकाशम्’ नजरेआड करतात आणि मग राजाने मनातलं सगळ्यांना कसं सांगून टाकलं म्हणून चक्रावतात.

मधले दोन थोडे नाजूक. ‘जनान्तिकम्’ म्हणजे रंगमंचावर बाकीचे असताना दोघातिघांनी आपापसांत बोलणं. नट हाताचा ‘त्रिपताक’ करतो, म्हणजे अनामिका वाकलेली आणि बाकीची बोटं सरळ, आणि तो हात बाकीच्यांच्या बाजूला आडोशासारखा धरतो. वर दिलेलं ‘आज इथे बाबा असते तर’ हे असंच जनान्तिक आहे, राजा चार पावलांवर उभा आहे. ‘अपवार्य’ म्हणजे तोंड फिरवून एकाला गुपित सांगणं. प्रतींमध्ये या दोन सूचनांची अदलाबदल पुष्कळ दिसते, तेव्हा एका प्रतीत एक आणि दुसरीत दुसरी दिसली तर घाबरू नका. कधीकधी ‘कर्णे’ एवढंच लिहून पुढे ‘एवमिव’ येतं. कानात सांगितलं, असं असं. प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक आहे किंवा पुढे कळणार आहे ते पुन्हा न बोलण्याची ही सोय.

‘आकाशे’ हा माझा आवडता. समोर नसलेल्या माणसाशी पात्र बोलतं, उत्तर ऐकल्याचा अभिनय करतं आणि ते उत्तर स्वतःच उच्चारतं: ‘किं ब्रवीषि?’ काय म्हणतेस? कोणी फोनवर बोलत असताना एकाच बाजूचं ऐकून आपल्याला सगळं कळावं तसं. ‘शाकुन्तला’च्या तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी एक शिष्य असाच प्रियंवदेला हाक मारतो: हा वाळ्याचा लेप आणि ही देठासकट कमळाची पानं कोणासाठी नेतेस? काय म्हणतेस, ऊन लागून शकुंतला फार आजारी आहे? प्रियंवदा रंगमंचावर येतच नाही आणि बातमी पोचते. ‘भाण’ नावाचा नाट्यप्रकार तर पूर्ण याच्यावर चालतो, एकच विट (रंगेल, बोलघेवडा माणूस) गल्लीगल्लीतून फिरत अख्खं शहर बोलकं करतो. मात्र ‘आकाशे’ म्हणजे दर वेळी आकाशवाणी नव्हे, तो घोळ करू नका. आणि ‘नेपथ्ये’ म्हणजे पडद्याआडून आलेला आवाज. आज मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची सजावट, तो अर्थ इथे आणू नका.

पाचवी पायरी: हाका

इथे थांबा, सावकाश वाचा. सुरुवातीला प्रत्येक हाकेखाली पेन्सिलने रेघ मारा.

सगळ्या हाकांचा तक्ता पाठ करायची गरज नाही. ‘अमरकोशा’चा नाट्यवर्ग उघडा, त्यात बहुतेक सापडतात. सख्या एकमेकींना ‘हला’, मालकीण दासीला ‘हञ्जे’, अगदी खालच्या स्त्रीला ‘हण्डे’, हे अमरसिंहाने एका ओळीत बांधून ठेवलंय: ‘हण्डे हञ्जे हलाह्वाने नीचां चेटीं सखीं प्रति’. अभिषेक झालेली राणी ती ‘देवी’, इतर राण्या ‘भट्टिनी’. गणिकेला ‘अज्जुका’, बहिणीच्या नवऱ्याला ‘आवुत्त’, राजकन्येला ‘भर्तृदारिका’.

काही हाका मात्र डोक्यात ठेवा, कारण त्या पहिल्याच पानांवर भेटतात. सारथी रथात बसलेल्या राजाला ‘आयुष्मन्’ म्हणतो. राजा त्याचा मालक आहे, तरी ही आशीर्वाद देणाऱ्या वडीलधाऱ्याची हाक आहे. पारिपार्श्वक, म्हणजे सूत्रधाराचा साथीदार, सूत्रधाराला ‘भाव’ म्हणतो, सूत्रधार त्याला ‘मारिष’. राजाला कंचुकी ‘देव’ म्हणतो, दासी ‘भट्टा’, विदूषक ‘वअस्स’, आणि तपस्वी नुसतं ‘राजन्’. एकाच माणसाला चार तोंडांतून चार नावं येतात आणि बोलणाऱ्याचं त्याच्याशी काय नातं आहे ते पात्रपरिचयाशिवाय कळतं. ‘अत्रभवान्’ म्हणजे इथे हजर असलेले आदरणीय, ‘तत्रभवान्’ म्हणजे इथे नसलेले. ‘अयं जनः’ म्हणजे हा माणूस, आणि तो बहुधा बोलणारा स्वतः असतो. संकोचाने किंवा दुखावून माणूस ‘मी’ म्हणत नाही तेव्हा हे येतं. शकुंतला दरबारात स्वतःला ‘इमं जणं’ म्हणते.

आता हाक वाकडी होते त्या जागा. ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्त सम्राट असूनही चाणक्याला ‘आर्य’ म्हणतो आणि चाणक्य त्याला म्हणतो ‘वृषल’, म्हणजे शूद्र. शब्द हिणवणारा, पण चाणक्याच्या तोंडात तो मायेने मुरलेला आहे. तिसऱ्या अंकात दोघं लटकं भांडतात तेव्हाही तो हाच शब्द वापरतो, आणि शब्दाचा रोख बदलला की नाही हे वाचणाऱ्याच्या आवाजावर ठरतं. इथे मोठ्याने वाचून पाहण्याला पर्याय नाही.

‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात म्हातारा कंचुकी आत येतो. रामाला लहानपणापासून पाहिलेला माणूस. तो म्हणतो, ‘रामभद्र’, आणि तिथे भवभूती लिहितो, ‘इत्यर्धोक्ते साशङ्कम्’. अर्ध्यावर थांबतो, दचकतो, आणि म्हणतो, ‘महाराज’. राज्याभिषेक नुकताच झालाय, जिभेला अजून सवय नाही. राम हसून म्हणतो, आर्य, बाबांच्या माणसांच्या तोंडी मला ‘रामभद्र’ हीच हाक शोभते, सवयीप्रमाणेच बोला.

आणि त्याच नाटकाचा तिसरा अंक. सीतेला टाकल्यानंतर बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. तिथे सीतेची मैत्रीण वासंती त्याला भेटते आणि विचारते, महाराज, कुमार लक्ष्मण कुशल आहेत ना? रामाच्या काळजात चर्र होतं. तो मनाशी म्हणतो, ‘महाराज’ ही तर ‘निष्प्रणय’ हाक, तिच्यात माया नाही, आणि कुशल विचारलं ते फक्त लक्ष्मणाचं. म्हणजे हिला सीतेचं सगळं कळलंय. वासंतीने आरोपाचा एक शब्द उच्चारलेला नाही. पहिल्या अंकात ज्या ‘महाराज’ला रामाने हसून नको म्हटलं, तोच शब्द दोन अंकांनंतर त्याला शिक्षा म्हणून मिळतो. पंचवटी नाशिकला पाहून आलेले आपण पुष्कळ जण आहोत, पण ही पंचवटी एकदा तरी वाचायला हवी.

सहावी पायरी: एक सराव, पेन्सिल घेऊन

पाचवा अंक पुन्हा उघडा, शकुंतलेचं तेच भाषण. आता त्यात काय काय आहे ते पाहा. आधी ती बाकीच्यांना ऐकू न जाईल असं म्हणते, प्रेमाचीच ही दशा झाली तर आठवण करून देण्यात काय अर्थ. मग ‘प्रकाशम्’. मग तुटलेलं ‘अज्जउत्त’. मग ‘पोरव’. मग ‘इमं जणं’. शब्द प्रतीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, चाल तीच राहते. चार-पाच ओळींत या लेखातल्या बहुतेक पायऱ्या एकदम येतात, म्हणून सरावाला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पुढे वाचत जा. ती अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं निघतं. ती हरणाच्या पाडसाची आठवण सांगते, राजा बायकांच्या चतुराईबद्दल बोलतो. तेव्हा ती संतापून तिसरी हाक मारते, ‘अणज्ज’. अनार्या! गवताने झाकलेल्या विहिरीसारखा आहेस तू, असंही ती त्याला सुनावते. अज्जउत्त, पोरव, अणज्ज: तिन्हींखाली रेघ मारा आणि पहिल्या-तिसऱ्यातला ‘अज्ज’ पाहा. छायेत तुम्हाला आर्यपुत्र आणि अनार्य दिसतील, पण कानाला ते प्राकृतातच जास्त टोचतं.

मग मागे तिसऱ्या अंकात जा, तिने कमळाच्या पानावर नखाने लिहिलेल्या ओळीकडे. ते गाणं आहे, म्हणून महाराष्ट्रीत आहे: ‘तुज्झ ण आणे हिअअं’. तुझं हृदय मी जाणत नाही. ‘तुज्झ’ आणि ‘तुझं’ यांच्यामध्ये फारसं अंतर नाही. लताकुंजात त्याला उद्देशून लिहिताना तिला ‘आर्यपुत्र’ म्हणायचा अजून अधिकार नव्हता, दरबारात तो उरला नव्हता. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

शेवटी सातवा अंक, मारीच ऋषींच्या आश्रमात. शाप सरलाय, दुष्यंताला सगळं आठवलंय, शकुंतला मळकट वस्त्रात, एकवेणी. राजाने तिला ओळखलंय, आता हाक तिची आहे. राणीने राजाला भेटल्यावर म्हणायचं ठरलेलं वाक्य ती सुरू करते: ‘जेदु जेदु अज्जउत्तो’. आर्यपुत्रांचा जय असो. आणि कंसात पुन्हा तेच, ‘इत्यर्धोक्ते’, पण या वेळी पुढे ‘बाष्पकण्ठी विरमति’, गळा दाटून थांबते. राजा जे उत्तर देतो ते संस्कृतात आहे, छाया लागत नाही:

‘बाष्पेण प्रतिषिद्धेऽपि जयशब्दे जितं मया।’

‘जय’ शब्द अश्रूंनी अडवला, तरी मी जिंकलो.